हरवलेल्या किल्लीची नोंद

तीर्थपुरीच्या बाजारपेठेत दुकान वाढवण्याची वेळ झाली आहे. गल्ल्यातील रक्कम मोजून रोजमेळाशी ताडून पाहिली, बाहेरच्या पोत्यांवर ताडपत्री ओढली, शटर निम्मे खाली आले. आणि नेमक्या त्याच क्षणी धाकटे बंधू खिसे चाचपू लागतात. मोटारसायकल दारासमोर उभी आहे, हँडल कुलूपबंद आहे आणि किल्ली कोठेच नाही. तराजूखाली पाहिले जाते, गादी उचलली जाते, वह्या झटकल्या जातात. मग घरून दुसरी किल्ली मागवण्याचे ठरते. घरात कोणी म्हणते, ती कपाटाच्या आतल्या खणात आहे. कोणी म्हणते, ती मागच्या दिवाळीत पाहुण्यांना गाडी दिली तेव्हाच त्यांच्यासोबत जालन्याला गेली. शेवटी थोरले बंधू चष्मा काढतात आणि विचारतात, "दुपारी गाडी कोणाकडे होती?" सर्वांच्या नजरा आपोआप पोती रचणाऱ्या मुलाकडे वळतात.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी व्यापारी घरांतील वाचकांना ते अपरिचित वाटणार नाही. हरवलेली वस्तू काही रुपयांची असते. परंतु ती हरवल्यानंतर जे प्रश्न उभे राहतात ते रुपयांत मोजता येत नाहीत: नवी किल्ली कोणाकडून करवून घ्यावी, जुनी कोणाच्या हाती लागली असेल, उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी काय म्हणेल, आणि ज्या मुलाकडे सर्वांनी पाहिले त्याच्या मनाचे काय.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. औरंगाबाद जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. गोदावरी ही या तालुक्याची दक्षिण सीमा असल्याने नदीकाठी ऊस आणि वर काळ्या रानात कापूस, तूर, मोसंबी अशी इथली शेती आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा भागात किराणा, कापड, भुसार किंवा खते-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्यास मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. उधारीची वसुली, मालाची मागणी, बँकेचा भरणा, तालुक्याच्या कचेरीतील खेप, अंबड-जालन्याचा हेलपाटा, हे सर्व तिच्यावर होते. एक दिवस ती जागेवर उभी राहिली, तर त्या दिवसाची वसुली बुडते. आणि हंगामात एका दिवसाची वसुली पुढे गेली की ती कोठवर जाईल याचा भरवसा नसतो.

किल्ली आणि चावी हे दोन्ही शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदतात. पैकी 'चावी' हा पोर्तुगिजांकडून आलेला. त्यांच्या भाषेतील 'शावे' या शब्दाचे ते मराठी रूप. घरातील आजी तिजोरीची किल्लीच म्हणते, रस्त्यावरचा कारागीर मात्र चावीवाला असतो.

मोटारसायकलीच्या कुलपाची अंतर्रचना समजून घेतली, तर किल्ली हरवल्यावर काय शक्य आहे आणि काय नाही, हे सहज ध्यानात येते. अमेरिकेतील लायनस येल या धाकट्या येल यांनी १८६१ साली ज्या खुंट्यांच्या कुलपाचे पेटंट घेतले, त्याच्याच जवळचा हा एक स्वस्त व आटोपशीर प्रकार होय. गोल नळीत एक दंडगोल बसवलेला असतो. त्या दंडगोलात पितळेच्या पातळ पट्ट्या एकामागे एक उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या पाठीशी बारीक स्प्रिंग असते. किल्ली आत नसताना या पट्ट्या बाहेर डोकावून नळीच्या खाचेत अडकतात, म्हणून दंडगोल फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांच्या उंच-सखलपणामुळे प्रत्येक पट्टी नेमकी आपल्या पातळीवर येते, सगळ्या आत ओढल्या जातात आणि कुलूप फिरते. बहुतेक गाड्यांत याच एका किल्लीवर तीन कामे असतात: इंजिनाचा विद्युतप्रवाह व हँडलचे कुलूप, पेट्रोल टाकीचे झाकण, आणि बाजूच्या पेटीचे किंवा आसनाचे कुलूप. कारखान्यातून ही कुलपे एकाच संचात, एकाच किल्लीला जुळतील अशी येतात.

व्यापाऱ्याने इथे थोडा हिशेब करून पाहावा. समजा, कुलपात सहा पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीला चार उंची शक्य आहेत. चारचा सहावा घात केला की ४,०९६ हा आकडा येतो. म्हणजे त्या प्रकारच्या कुलपाला फार तर ४,०९६ वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकतात, आणि सगळ्या उंची सारख्या असलेल्या किंवा फार तीव्र चढउताराच्या किल्ल्या वगळल्या तर त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूस, केवळ हिरो या एका कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये आपली दहा कोटीवी दुचाकी बाहेर काढली. दहा कोटींना ४,०९६ ने भागले, तर एका किल्लीच्या वाट्याला सुमारे २४ हजार गाड्या येतात. प्रत्यक्षात गाड्यांचे प्रकार, पट्ट्यांची संख्या व किल्लीच्या अंगावरील खोबण्या वेगवेगळ्या असल्याने हे गणित इतके सरळ नाही. प्रमाण कळावे एवढ्यापुरतेच ते घ्यावे. मात्र दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीच्या पट्ट्या झिजतात, किल्लीचे दातेही झिजतात, आणि मग शेजाऱ्याची किल्ली आपल्या गाडीला लागल्याची जी कथा प्रत्येक गावात ऐकू येते ती निव्वळ कथा राहत नाही. किल्ली घातलेली असतानाच ती हाताने ओढून काढता येऊ लागली, तर कुलूप बदलण्याचा काळ आला असे समजावे.

किल्ली करून घेण्याचे मार्ग तीन. पहिला व सर्वांत सोपा, दुसरी किल्ली हाताशी असण्याचा. चावीवाल्याच्या यंत्रावर दोन शिकंजे असतात. एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी किल्ली बसवली जाते. मूळ किल्लीवरून एक टोक सरकत जाते आणि तेवढ्याच चढउताराने शेजारची चकती कोरी किल्ली कापत जाते. चहा संपेपर्यंत काम होते. यात एक बारकावा आहे, जो चांगला कारागीर स्वतःहून सांगतो: "शेठजी, रोजच्या वापरातली नको, घरात ठेवलेली कोरी करकरीत असेल ती आणा." यंत्राला झीज आणि दाता यांतील फरक कळत नाही. झिजलेल्या किल्लीची नक्कल ही झिजेचीही नक्कल असते, आणि नकलेवरून नक्कल काढत गेले की तिसऱ्या पिढीला कुलूप अडखळू लागते. म्हणून गाडी नवी असतानाच, न वापरलेल्या किल्लीवरून एक प्रत काढावी, वापरात ती प्रत ठेवावी आणि कारखान्याच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात. हा सल्ला उलटा वाटेल. रोज मूळ किल्ली वापरणे आणि नक्कल कपाटात ठेवणे हीच आपली रीत. परंतु हरवते ती रोजची किल्ली, हे लक्षात घेता रीत बदलणेच हिताचे.

दुसरा मार्ग क्रमांकाचा. अनेक गाड्यांच्या नव्या किल्ल्यांसोबत धातूची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर काही अंक-अक्षरे कोरलेली असतात. कधी हा क्रमांक खुद्द किल्लीवर असतो. त्यावरून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तीच किल्ली पुन्हा मागवता येते. त्यासाठी आर.सी. बुक व ओळखपत्र दाखवावे लागते आणि काही दिवस थांबावे लागते. दुर्दैव असे की ही पट्टी बहुधा किल्लीच्याच कडीत अडकवलेली राहते, आणि किल्लीबरोबर तीही हरवते. गाडी घरी आली त्याच दिवशी तो क्रमांक कागदावर उतरवून घेण्यास दोन मिनिटे लागतात.

तिसरा मार्ग एकही किल्ली नसतानाचा. यात खरे कसब दिसते. कुलूप गाडीवरून उतरवता आले तर कारागीर त्यातील पट्ट्या पाहून दाते घासतो. पुष्कळदा टाकीचे झाकण किंवा बाजूचे कुलूप उतरवणे सोपे असल्याने तेथूनच सुरुवात होते, कारण तिन्ही कुलपांची किल्ली एकच. ते शक्य नसेल, तर कोरी किल्ली कुलपात घालून हलक्या हाताने दाब दिला जातो, बाहेर काढून उजेडात धरली जाते, आणि पट्ट्यांनी जेथे बारीकसा वळ उठवला असेल तेथेच कानस चालवली जाते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा कानस. अर्धा तास, कधी त्याहून अधिक. घाई केली की दाता जास्त घासला जातो आणि कोरी किल्ली वाया जाते. वायर तोडून गाडी चालू करून देणारा एखादा उत्साही मेकॅनिक शेजारीच उभा असतो, परंतु त्याच्या नादी लागू नये. हँडलचे कुलूप मुरगाळून तोडल्यावर पुढचा खर्च किल्लीच्या कैकपट होतो आणि पहिल्या पावसात उघड्या जोडांत पाणी शिरते ते वेगळेच.

कानस चालवणाऱ्या या हातांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मराठवाड्यात किल्लीचे काम करणाऱ्यांत शिकलकरी शीख कारागीर पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. शस्त्रांना झिलई चढवणे हा या समाजाचा मूळ व्यवसाय, आणि नावही त्यावरूनच पडलेले. शस्त्रांचा काळ सरला तसे हे हुन्नर सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यात आणि कुलूप-किल्ल्यांत उतरले. सायकलीवर किल्ल्यांचा जुडगा बांधून गावोगाव फिरणारा सरदारजी जुन्या पिढीला आठवत असेल. गावात चोरी झाली की पहिला संशय अशा फिरत्या माणसावर घेतला जातो, हा अन्याय फार जुना आहे. वास्तविक जो कारागीर गाडीचा कागद पाहिल्याशिवाय बिनकिल्लीच्या कुलपाला हात लावत नाही, तो गाडीमालकाचेच रक्षण करत असतो. त्याने कागद मागितला म्हणून मान दुखावून घेण्याऐवजी, जो मागत नाही त्याच्याकडून काम करून घेताना थोडे थांबावे. वसुलीच्या गावी अडचण आली असल्यास मोबाइलवरील 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन' या सरकारी ॲपमधील आर.सी. दाखवता येते.

आता दुसऱ्या किल्लीविषयी. व्यापारी घरात तिजोरीच्या किल्लीला जो मान आहे तो गाडीच्या किल्लीला नाही, आणि हीच खरी अडचण आहे. आर्देशीर गोदरेज यांनी ७ मे १८९७ रोजी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला, आणि काही वर्षांतच तिजोऱ्याही घडवल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटानंतरच्या आगीतही गोदरेजच्या तिजोऱ्यांतील ऐवज शाबूत राहिल्याची आठवण जुनी माणसे अजून सांगतात. अशी तिजोरी दुकानात आणली, तर तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक मालकाच्या कमरेला व दुसरी घरी, हा नियम कोणी शिकवावा लागला नाही. गाडीची दुसरी किल्ली मात्र पहिलीच्याच कडीत असते, किंवा दुकानातील त्याच खिळ्याला टांगलेली असते.

बँकांत हा विषय पूर्वीपासून काटेकोरपणे हाताळला जातो. शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे वाटलेल्या असतात; एकाच्या किल्लीने ती उघडत नाही. दुय्यम संच त्या शाखेत ठेवलाच जात नाही, तो मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेकडे सुपूर्द होतो, आणि देवाण-घेवाणीची प्रत्येक वेळ नोंदवहीत सहीनिशी उतरते. एक शाखा जळाली, लुटली गेली किंवा तेथील अधिकारी अकस्मात आजारी पडला, तरी दुसरा संच सुरक्षित राहावा हा त्यामागील हेतू. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरसंबंधी ज्या सुधारित सूचना काढल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू केल्या, त्यांतही मास्टर किल्लीची दुसरी प्रत अन्य शाखेत ठेवण्यास सांगितले आहे. ग्राहकाची किल्ली हरवली तर काय, याविषयीचे कलम तर घरोघरी वाचून दाखवावे असे आहे. ग्राहकाने ताबडतोब बँकेस कळवायचे. हरवलेली किल्ली पुढे कधी सापडल्यास ती बँकेस परत करीन, अशी हमी बँक त्याच्याकडून लिहून घेऊ शकते. आणि लॉकर उघडणे, कुलूप बदलणे व नवी किल्ली यांचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. सापडलेली किल्ली हाही एक प्रश्न असतो, हे यात गृहीत धरले आहे.

घरात हीच पद्धत अवलंबण्यास कोणतेही कपाट किंवा यंत्र विकत घ्यावे लागत नाही. दुसरी किल्ली एका पाकिटात घालावी. पाकिटावर गाडीचा क्रमांक, किल्लीचा क्रमांक व तारीख लिहावी, आणि ते गाडी ज्या जागी उभी राहते त्या इमारतीपासून वेगळ्या जागी ठेवावे. दुकान बाजारात व घर गावात असेल तर प्रश्नच नाही. दुकानाच्या वरच घर असेल तर गावातील सख्ख्या नातेवाइकाकडे. काही वित्तसंस्था कर्ज देताना दुसरी किल्ली आपल्याकडे ठेवून घेत. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन बोजा उतरवण्याची आठवण सर्वांना राहते, किल्ली मागण्याची राहत नाही. अशी किल्ली परत घेतली आहे किंवा नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

पाकिटातील ही किल्ली घरात आहे की नाही, हे जेव्हा खरोखर विचारले जाते, तो प्रसंग गाडीच्या चोरीचा. विमा कंपनीकडे चोरीचा दावा दाखल करताना आर.सी., पॉलिसी, प्राथमिक माहिती अहवाल, तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल (आपल्याकडे जिला 'अ समरी' म्हणतात ती) यांबरोबरच गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या जातात. कारण उघड आहे. मालकाकडे एकच किल्ली निघाली, तर दुसरी गाडीलाच लावून ठेवली होती का, गाडी खरोखर चोरीस गेली की कोणास दिली, अशी शंका घेण्यास जागा राहते. त्या वेळी "ती दोन वर्षांपूर्वीच हरवली होती" हे तोंडी उत्तर टिकत नाही. हरवली त्या दिवसाचा पोलीस ठाण्यातील गहाळ नोंदीचा दाखला, किंवा निदान विमा कंपनीला त्याच आठवड्यात पाठवलेला ई-मेल आणि चावीवाल्याची पावती हाती असेल, तर त्या उत्तराला कागदाचा आधार मिळतो. यामुळे दावा मंजूर होतोच असे नव्हे, परंतु मालकाची बाजू मांडता येते.

किल्ली गाडीलाच राहिली आणि गाडी गेली, अशाही घटना घडतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मालट्रकचा चालक पत्ता विचारण्यास उतरला, किल्ली ट्रकलाच राहिली आणि तेवढ्यात ट्रक चोरीला गेला. योग्य काळजी घेतली नाही म्हणून दावा नाकारण्यात आला होता. न्यायालयाने संपूर्ण नकार मान्य केला नाही, विम्याच्या रकमेपैकी ७५ टक्के देण्याचा आदेश दिला. बाकी २५ टक्के ही त्या दोन मिनिटांच्या विसराळूपणाची किंमत. उशिराविषयीचाही एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका ट्रॅक्टरच्या चोरीची फिर्याद पोलिसांत त्याच दिवशी दिली होती, विमा कंपनीस मात्र सुमारे दीड महिन्याने कळवले होते. २४ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की पोलिसांत तत्काळ फिर्याद असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीस कळवण्यातील उशिरावरून दावा फेटाळता येणार नाही. वकिलाकडे जाऊन एवढी वर्षे थांबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी दोन्हीकडे कळवणे अर्थातच स्वस्त पडते. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण तिची जाणीव बहुधा चोरीनंतरच होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे "गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे" या समजुतीत पुष्कळ घरे निर्धास्त असतात. तो विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर उपयोगी. आपली गाडी चोरीस गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीसाठी स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण वेगळे असते आणि बहुधा त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. हे नूतनीकरण चुकलेले असेल, तर दोन किल्ल्या असल्या काय किंवा नसल्या काय, सारखेच.

अलीकडच्या गाड्यांनी या विषयाला नवे वळण दिले आहे. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हाचा 'स्मार्ट की' असलेला प्रकार आणला. त्यात किल्ली खिशातच राहते आणि गाडी तिला दुरून ओळखते. काही गाड्यांच्या किल्लीत सूक्ष्म चिप असते, आणि दाते हुबेहूब जुळले तरी चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. अशा किल्लीपुढे कानस व यंत्र दोन्ही हतबल ठरतात. विक्रेत्याकडेच जावे लागते, नवी किल्ली गाडीला ओळखवून घ्यावी लागते, आणि खर्च साध्या किल्लीच्या अनेकपट येतो. मोठ्या शहरात हे एका दिवसाचे काम आहे. तीर्थपुरीच्या माणसाला गाडी टेम्पोत चढवून अंबड किंवा जालना गाठावे लागेल, हे गाडी पसंत करतानाच विचारात घ्यावे. काही विमा कंपन्या किल्ली बदलण्याच्या खर्चाचे जादा कलम देतात. साध्या किल्लीसाठी ते घेण्यात अर्थ नाही, चिपच्या किल्लीसाठी चौकशी करण्यास हरकत नाही.

पुन्हा त्या सायंकाळच्या दुकानाकडे वळू. किल्ली गाडीच्या जवळपास, शेतरस्त्यावर किंवा अनोळखी ठिकाणी पडली असेल आणि तिच्यावर ओळखीची कोणतीही खूण नसेल, तर नवी किल्ली करून भागते. पण ती दुकानाच्या नावाच्या कडीसह हरवली असेल, किंवा कोणी उचलली असल्याची शक्यता असेल, तर नक्कल करून घेणे म्हणजे चोराकडे एक किल्ली राहू देणे होय. तेथे कुलपांचा संपूर्ण संचच बदलावा. हा खर्च करण्यास घरातील वडीलधारी मंडळी नाखूष असतात. आणि मग पैसे वाचवण्याच्या बदल्यात एक संशय घरात कायमचा मुक्कामाला येतो. दर वेळी गाडी हलली की पोती रचणाऱ्या मुलाला प्रश्न विचारला जातो. पाचशे-हजार रुपयांसाठी पाच वर्षांचा विश्वासू माणूस गमावल्याची उदाहरणे व्यापारात थोडी नाहीत. दुकानात गाडी घेऊन जाणाऱ्याने वहीत वेळ व नाव लिहायचे, परत आल्यावर सही करायची, आणि हा नियम मालकाच्या मुलापासून हमालापर्यंत सर्वांना सारखा, एवढी व्यवस्था असेल तर "दुपारी गाडी कोणाकडे होती?" हा प्रश्न कोणाच्या तोंडाकडे पाहून विचारावा लागत नाही, वही उघडली की पुरते. पुष्कळदा वहीत शेवटचे नाव धाकट्या बंधूंचेच निघते.

त्या सायंकाळी दुकानातील मंडळींनी रिक्षा करून घर गाठले, दुसऱ्या दिवशी चावीवाल्यास बोलावले, कागद दाखवला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, आणि किल्लीवर दुकानाचे नाव असल्याने कुलपांचा संच बदलून घेतला असे समजू. अशा किल्ल्या पुढे सापडतातही. तीन-चार महिन्यांनी तुरीचे पोते मापाला उलटे करताना तळाशी काहीतरी खणखणते. मुलगा ती किल्ली घेऊन गादीपाशी येतो. थोरले बंधू ती गाडीला लावून पाहतात. ती फिरत नाही. किल्ली पितळेच्या भंगारात पडते, आणि वहीतील जुन्या नोंदीसमोर 'सापडली' असे लिहून तारीख घातली जाते.